ऑगस्ट आला की क्षारता उणे: सागरी मॉडेलमध्ये नदीमुखाशी होणारा बिघाड कसा शोधायचा

जानेवारी ते जून सागरी मॉडेलचा रन (संगणकावरची एक सलग चालवणी) मुकाट चालतो. जुलैच्या अखेरीस बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला मॉडेलच्या ग्रिडमधल्या (जाळीतल्या) एखाद्या सेलमध्ये, म्हणजे चौकटीत, क्षारता (किलोभर पाण्यात किती ग्रॅम मीठ) १० च्या खाली येते, मग ५, मग लॉगमध्ये उणे आकडा उमटतो आणि घनतेचं समीकरण हात टेकतं. टाइमस्टेप (मॉडेल एका उडीत जेवढा वेळ पुढे जातं तो) अर्धा करून पुन्हा सोडला तर दोन-चार दिवस पुढे सरकतो आणि त्याच सेलपाशी अडकतो. अटलांटिकवर काम करणाऱ्यांना हाच अनुभव मे-जूनमध्ये ॲमेझॉनच्या मुखाशी येतो. जागा बदलते, महिना बदलतो, दुखणं तेच.

याच दुखण्याचा एक गुपचूप प्रकारही आहे, आणि माझ्या मते तो जास्त वाईट. रन कुठेच पडत नाही, जागतिक सरासऱ्या छान दिसतात, पण नोव्हेंबरमध्ये विशाखापट्टणमसमोर जो गोड्या पाण्याचा पट्टा दिसायला हवा तो नसतोच. सगळं गोडं पाणी मेघनेच्या मुखाशी फुगवटा होऊन बसलेलं असतं, किंवा मुळात कुठेच सापडत नाही.

दोन्ही प्रकारांचं मूळ एक. जागतिक मॉडेलच्या ग्रिडमध्ये खाडीला जागा नसते. म्हणून पाणी किती, कोणत्या सेलमध्ये, किती खोलीपर्यंत आणि कोणत्या क्षारतेचं धरून सोडायचं, हे मॉडेलला बाहेरून सांगावं लागतं. बहुतेक तयार सेटअपमध्ये हे निर्णय आधीच्या कुणीतरी घेऊन ठेवलेले असतात आणि नंतर येणारा त्यांच्याकडे वळूनही बघत नाही.

तपासणी सुरू करण्याआधी एक गोष्ट. शून्याखाली गेलेली क्षारता उचलून शून्यावर ठेवणारी ओळ तुमच्या कोडमध्ये असेल तर ती काढा. तिच्यामुळे रन चालतो खरा, पण दर टाइमस्टेपला समुद्रात हवेतून मीठ पडत राहतं. शिवाय बिघाड कुठे आहे हे दाखवणारी एकमेव खूण पुसली जाते.

आधी बेरीज

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणून कंटाळवाणं असलं तरी हे पहिलं. रनऑफची, म्हणजे नद्यांतून समुद्रात येणाऱ्या पाण्याची, फाइल मॉडेलच्या ग्रिडवर आणल्यावर प्रत्येक सेलच्या क्षेत्रफळाने गुणून जगभराची बेरीज करा. डाय आणि ट्रेनबर्थ यांच्या २००२ च्या अंदाजानुसार जगातल्या नद्या वर्षाला सुमारे ३७ हजार घनकिलोमीटर पाणी समुद्रात सोडतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ लाख घनमीटर. त्यातला जवळपास सहावा हिस्सा एकट्या ॲमेझॉनचा. तुमचा आकडा याच्या आसपास नसेल तर भौतिकशास्त्राकडे वळूच नका, एककं बघा. फाइल घनमीटर प्रतिसेकंदात असते, मॉडेलला किलो प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद हवं असतं, आणि मध्ये क्षेत्रफळाने भागायचं राहून जातं किंवा दोनदा भागलं जातं.

दुसरी गळती ग्रिड बदलताना होते. साध्या बायलिनिअर (शेजारच्या चार आकड्यांची सरासरी काढणाऱ्या) पद्धतीने रनऑफ कधीही हलवू नका. ती तापमानासारख्या सलग क्षेत्रासाठी ठीक. नदीचं पाणी म्हणजे एका ठिपक्यात साचलेली रक्कम, आणि ती जपणारीच पद्धत हवी. त्यातून मूळ फाइलचा किनारा आणि तुमच्या मॉडेलचा किनारा जुळत नाही. सुंदरबनासारख्या ठिकाणी मूळ फाइलमधला समुद्र तुमच्याकडे जमीन असतो आणि तिथे पडलेलं पाणी मास्कखाली (जमीन-समुद्र ठरवणाऱ्या नकाशाखाली) गडप होतं. जगाच्या बेरजेत हा तोटा लपतो, म्हणून मोठ्या दहा-बारा नद्यांची बेरीज वेगळी काढा.

बेरीज जुळली तरी जागा बघा. गंगा-ब्रह्मपुत्रेचं बहुतांश पाणी बांगलादेशात मेघनेच्या मुखातून समुद्रात येतं. हुगळीचं मुख त्याच्या सुमारे ३०० किलोमीटर पश्चिमेला, आणि तिच्या वाट्याला यातला लहानसा भागच येतो. जवळचा ओला सेल शोधून देणारी स्क्रिप्ट सगळा लोंढा चुकीच्या मुखात किंवा, त्याहून वाईट, एका बाजूनेच उघड्या असलेल्या अरुंद उपसागरी सेलमध्ये टाकू शकते. तिथून पाणी बाहेर पडायला वाटच नसते. नकाशा काढून डोळ्यांनी बघा. यासाठी कुठलीही स्क्रिप्ट पुरेशी नाही.

आपल्या बाजूलाही याचा नमुना आहे. सह्याद्रीचा माथा किनाऱ्यापासून जेमतेम ५० ते १०० किलोमीटरवर. नद्यांची वाट ठरवणाऱ्या मॉडेलचा सेल अर्ध्या अंशाचा असेल तर कोकणात आणि घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस सरळ कृष्णेच्या खोऱ्यात जमा होऊन आंध्रच्या किनाऱ्याला जाऊ शकतो. सावित्री, वाशिष्ठी, मांडवी कोरड्या आणि कृष्णा तुडुंब. उलट दिशेचा घोळही आहे: कोयनेचं पाणी वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत सोडलं जातं. कृष्णा लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, म्हणजे सरासरी सेकंदाला सुमारे ६० घनमीटर. जागतिक मॉडेलला हा आकडा जाणवणारही नाही. पण दाभोळच्या खाडीचं प्रादेशिक मॉडेल चालवणाऱ्याला उन्हाळ्यात नदीत पाणी कुठून येतं याचं कोडं पडू शकतं.

आभासी मिठाचा हिशेब

बेरीज आणि जागा दोन्ही बरोबर असूनही क्षारता उणे जात असेल तर पाणी आत घेण्याची पद्धत तपासा. जुन्या आणि काही चालू मॉडेलमध्ये समुद्राचं आकारमान स्थिर धरलेलं असतं. नदीचं पाणी आलं तरी पाणी वाढत नाही. त्याऐवजी तितक्या पाण्याने जेवढी क्षारता उतरली असती तेवढं मीठ काढून घेतलं जातं. याला व्हर्च्युअल सॉल्ट फ्लक्स म्हणतात. किती मीठ काढायचं हे ठरवायला एक संदर्भ क्षारता लागते आणि बहुधा ती जगभर एकच असते, ३४.७ च्या आसपास.

आकडे घालून बघू. ऑगस्टमध्ये गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघनेचा प्रवाह सेकंदाला ९० हजार घनमीटर धरला तर दिवसाला ७.८ घनकिलोमीटर पाणी होतं. २२ अंश उत्तरेला एक अंशाच्या सेलचं क्षेत्रफळ सुमारे ११,४०० चौरस किलोमीटर. म्हणजे सेलवर रोज ६८ सेंटिमीटर पाणी. वरचा थर १० मीटरचा असेल तर आभासी पद्धतीत क्षारता रोज २.४ ने उतरते, सेलमध्ये मुळात किती मीठ शिल्लक आहे याचा विचार न करता. प्रवाहाने शेजारचं खारं पाणी आणलं नाही तर १५ दिवसांत शून्य, आणि सोळाव्या दिवशी उणे. खरं पाणी मिसळलं असतं तर क्षारता रोज त्या त्या वेळच्या क्षारतेच्या सात टक्क्यांनी उतरली असती. १५ दिवसांनी ती १२-१३ वर आली असती, शून्यावर कधीच नाही. सेलची क्षारता १० असताना आभासी पद्धत साडेतीनपट जास्त मीठ ओढते, एवढाच हा सगळा घोटाळा.

मग संदर्भ म्हणून सेलची स्वतःची क्षारता का वापरत नाहीत? वापरता येते, आणि उणे आकडे लगेच थांबतात. पण एका ठिकाणी बाष्पीभवनाने वाढलेलं आणि दुसऱ्या ठिकाणी नदीने घटवलेलं मीठ मग एकमेकांना फेडत नाही, आणि शंभर वर्षांच्या रनमध्ये अख्ख्या समुद्राची क्षारता सरकू लागते. ती दुरुस्ती वेगळी करावी लागते. तुमचं मॉडेल खरं पाणी, म्हणजे बदलतं आकारमान, झेलू शकत असेल तर तोच पर्याय निवडा. निमो आणि मॉम या दोन्ही प्रचलित सागरी मॉडेलमध्ये तो आहे. फक्त एक खात्री करा: पाणी आकारमान म्हणूनही जातंय आणि वर आभासी मीठही काढलं जातंय, असं दुहेरी होत नाही ना. कपल्ड सेटअपमध्ये (समुद्र आणि वातावरण जोडून चालवताना) हे होतं, कारण एक स्विच समुद्राच्या बाजूला असतो आणि दुसरा त्यांना जोडणाऱ्या कपलरच्या.

खरं पाणी वापरूनही उणे आकडा आला तर संशय ॲडव्हेक्शनच्या स्कीमवर, म्हणजे प्रवाहाबरोबर क्षारता वाहून नेणाऱ्या गणितावर, घ्या. मुखाशी दोन सेलमध्ये क्षारता ५ वरून ३० वर जाते. केंद्रीय फरकाची किंवा मर्यादा नसलेली उच्च श्रेणीची स्कीम अशा कड्याशी खाली झेपावते. क्षारतेपुरती मर्यादा असलेली स्कीम लावून एक महिना चालवा. आकडे धन राहिले तर गुन्हेगार सापडला. समान घनतेच्या पृष्ठांवरचं विसरणसुद्धा तीव्र उतारावर हेच करतं. तिथे उताराची कमाल मर्यादा कमी करून बघा.

ग्रिड बारीक केल्यावर बिघडलं, ते का

हा प्रश्न मला सर्वांत जास्त ऐकू येतो: एक अंशावर ठीक होतं, पाव अंशावर गेलो आणि कोसळलं. उत्तर वरच्याच गणितात आहे. पाव अंशाच्या सेलचं क्षेत्रफळ सोळावा हिस्सा. तेच पाणी त्याच एका सेलमध्ये सोडलं तर रोज ६८ सेंटिमीटर नव्हे, जवळपास ११ मीटर चढतं. ७५ थरांच्या मांडणीत वरचा थर १ मीटरचा असतो. म्हणजे दिवसाला थराच्या अकरापट पाणी. ते बाहेर पडायला २६ किलोमीटर रुंद आणि १ मीटर खोल बाजूतून सेकंदाला साडेतीन मीटर वेग लागेल. तोच लोंढा १० मीटर खोलीत वाटला तर सेकंदाला ३५ सेंटिमीटर पुरतात, आणि हा वेग एखाद्या मोठ्या नदीच्या मुखाशी अगदी शक्य आहे.

म्हणून बारीक ग्रिडवर दोन गोष्टी बरोबरीने करा. मोठ्या नदीचं पाणी तिच्या खऱ्या मुखाच्या रुंदीएवढ्या सेलमध्ये वाटा. खालच्या मेघनेचं मुख बेटांमधून अनेक वाटांनी उघडतं, त्यामुळे तीन-चार सेल देण्यात काहीच अतिशयोक्ती नाही. आणि पाणी वरच्या एका थरात न ओतता काही मीटर खोलीपर्यंत सोडा. निमोमध्ये नदीगणिक खोली देता येते, मॉममध्ये पाणी किती जाडीत घालायचं ते ठरवता येतं.

याशिवाय मुखाशी उभं मिश्रण वाढवण्याचीही सोय असते. निमोच्या नमुना सेटिंगमध्ये ती वरच्या १५ मीटरसाठी आहे. भरती-ओहोटी मॉडेलमध्ये नसल्यामुळे तिचं घुसळणं असं उसनं आणायचं, ही कल्पना ठीकच आहे. पण हे मिश्रण मुखाच्या सेलपुरतंच ठेवा. पावसाळ्यानंतर उत्तर उपसागरात वरचा मिश्र थर कित्येकदा १० मीटरसुद्धा नसतो. त्याच्याखाली तापमान तेवढंच पण क्षारता चढत जाणारा थर असतो, ज्याला बॅरियर लेयर म्हणतात. हा थर खालचं थंड पाणी वर येऊ देत नाही. पावसाळ्यानंतरच्या चक्रीवादळांमागे समुद्र फारसा थंड होत नाही याचं एक मोठं कारण तेच. मुखाशी लावलेलं मिश्रण दहा सेल दूरवर पसरलं की हा थर उडतो आणि तुमच्या मॉडेलमधलं ऑक्टोबरचं वादळ उगाच दोन अंशांनी थंड समुद्रावरून जातं.

एवढ्यात नदीच्या पाण्याचं तापमानही बघून घ्या. ते दिलेलं नसेल तर मॉडेलने समुद्रपृष्ठाचं तापमान धरायला हवं. मुखाशी कारण नसताना थंड ठिपका दिसला तर पाणी शून्य अंशाने येतंय असं समजा.

रिस्टोअरिंग: गुपचूप प्रकाराचं घर

रन पडत नाही पण किनारा खोटा दिसतो, तेव्हा पहिला संशय पृष्ठ क्षारतेच्या रिस्टोअरिंगवर. मॉडेलची क्षारता निरीक्षणांच्या सरासरीकडे ओढणारी ही दोरी आवश्यक असते, कारण पाऊस, बाष्पीभवन आणि नद्या यांची बेरीज दिलेल्या वातावरणासह चालणाऱ्या रनमध्ये कधीच शून्य येत नाही. प्रश्न ती किती घट्ट आणि कुठे, एवढाच.

नेहमीचा एक आकडा म्हणजे ५० मीटरला ३०० दिवस, रोज १६.७ सेंटिमीटर, निमोच्या नमुना सेटिंगमध्येही हाच दिसतो. समजा मॉडेलने योग्य तेच केलं आणि मुखापुढे क्षारता २५ दाखवली. वर्ल्ड ओशन ॲटलसची एक अंशाची, दशकांची सरासरी मात्र तिथे ३१ म्हणते, कारण ती आजूबाजूचं खारं पाणी मिसळून गुळगुळीत केलेली आहे. फरक ६. हिशेब केला तर ही दोरी त्या सेलमधून रोज सुमारे ४ सेंटिमीटर गोडं पाणी काढून घेते. भर पावसाळ्यात उत्तर उपसागरावर सरासरी पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून जास्त. नदीने दिलेलं पाणी रिस्टोअरिंगने परत घ्यायचं आणि मग पट्टा दक्षिणेला का जात नाही म्हणून प्रवाहांना दोष द्यायचा, असं चालतं.

उपाय सोपे आहेत. मुखाशी आणि किनारपट्टीच्या सेलमध्ये रिस्टोअरिंग बंद करा. निमोमध्ये नदीमुखांचा मास्क यासाठीच आहे. बाकी समुद्रात वेग चार-पाचपट कमी करा आणि रोजच्या दुरुस्तीला मिलिमीटरमध्ये कमाल मर्यादा घाला. मग सर्वांत महत्त्वाचं: रिस्टोअरिंगचा फ्लक्स वेगळा साठवा आणि महिनावार नकाशा काढा. त्यात मेघनेपुढे गडद ठिपका दिसला तर अजून काहीतरी चुकतंय. हा एक नकाशा मला क्षारतेच्या दहा नकाशांपेक्षा जास्त सांगतो, आणि तो साठवणारे मात्र फार थोडे.

खाडी जे करते ते

इथपर्यंत सगळं केल्यावरही एक मूळ खोट उरते. खरी नदी समुद्रात शून्य क्षारतेचं पाणी सोडत नाही. पाणी खाडीतून येताना तळाशी घुसणारं खारं पाणी उचलतं आणि मिश्रण होऊन बाहेर पडतं. डॅनिश शास्त्रज्ञ मार्टिन क्नुड्सेन यांनी १९०० मध्येच याचा हिशेब मांडला: तळाने ३२ क्षारतेचं पाणी आत आलं आणि वरून २४ चं बाहेर गेलं, तर बाहेर जाणारा प्रवाह नदीच्या चौपट असतो आणि आत येणारा तिप्पट. नदीच्या ९० हजारांचे बाहेर पडताना ३ लाख ६० हजार होतात. मॉडेलमध्ये आपण फक्त ९० हजार टाकतो, तेही निव्वळ गोडे, आणि तळाची ओढ विसरतो. मग मुखाशी क्षारता फार उतरते, आणि पट्ट्याला पुढे ढकलणारा जोरही कमी पडतो.

यावर उपाय म्हणजे मुखाच्या सेलला जोडलेली एक छोटी पेटी: नदीचा प्रवाह, भरतीचा जोर आणि खाडीची लांबी-खोली घेऊन ती खालच्या थरातून किती पाणी घ्यायचं आणि वरच्या थरात कोणत्या क्षारतेने सोडायचं ते काढते. सीईएसएम२ या अमेरिकन हवामान मॉडेलमध्ये असं पेटी-मॉडेल आलं. त्याआधीच्या आवृत्तीत रनऑफ मुखाभोवती सुमारे ३०० किलोमीटर त्रिज्येत शिंपडला जाई. शिंपडल्याने रन सुरक्षित राहतो, पण १०० किलोमीटरचा किनारी पट्टा ३०० किलोमीटरच्या डागातून कसा निघणार? तुमच्या मॉडेलमध्ये पेटी नसेल तर निदान काही मीटर खोलीपर्यंत पाणी सोडणं आणि मुखापुरतं मिश्रण यांवर भागवा, पण शिंपडण्याची त्रिज्या ग्रिडच्या दोन-तीन सेलपेक्षा जास्त ठेवू नका.

वेळापत्रक आणि धरणं

हे थोडक्यात. काही जुन्या फाइलींमध्ये वर्षभर एकच सरासरी असते. बंगालच्या उपसागरासाठी ती निरुपयोगी, कारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये कित्येक पटींचा फरक आहे. महिनावार सरासरी सरळ रेषेने जोडली तर शिखर बोथट होतं: जुलै ७०, ऑगस्ट ९०, सप्टेंबर ७५ असेल तर मॉडेलला ऑगस्टमध्ये सरासरी ८६ सुद्धा मिळत नाही. किलवर्थ यांनी १९९६ मध्ये यावर सोपी दुरुस्ती दिली आहे, ती वापरा. नाहीतर सरळ जेआरए-५५-डीओ या सागरी मॉडेलसाठीच्या जपानी डेटासंचातली रनऑफची रोजची मालिका घ्या.

मोजमापाचं केंद्र मुखापासून किती वर आहे तेही बघा. ब्रह्मपुत्रा बहादुराबादला, गंगा हार्डिंग पुलाशी मोजतात. दोन्ही संगमाच्या वर, आणि मेघना त्यात नाहीच. ॲमेझॉनचं ओबिदोस तर समुद्रापासून सुमारे ८०० किलोमीटर आत. आणि धरणं न पाहणारं जलविज्ञान मॉडेल कृष्णेला हात सैल सोडून पाणी देतं. नागार्जुनसागर, श्रीशैलम आणि वरची सगळी धरणं भरल्यावर कोरड्या वर्षात तिच्या मुखाशी फारसं काही उरत नाही.

पडताळा कशाशी

अर्गो फ्लोटचा (समुद्रात वर-खाली करत मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राचा) सर्वांत वरचा आकडा बहुधा ५ मीटरवरचा असतो आणि उथळ किनाऱ्यावर तो येतच नाही. एसएमओएस आणि एसएमएपी हे क्षारता मोजणारे उपग्रह वरचा सेंटिमीटरभर थर बघतात, सुमारे ४० किलोमीटरच्या ठशात, आणि किनाऱ्याजवळ जमिनीची छाया त्यात मिसळते. तुमच्या १ मीटरच्या सेलची तुलना ५ मीटरच्या आकड्याशी केली तर पावसाळ्यात कित्येक एककांचा फरक आपोआप निघेल, आणि तो मॉडेलचा दोष नसेल.

किनाऱ्यासाठी सर्वांत उपयोगी पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून आला. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पूर्व किनाऱ्यावरच्या मच्छीमारांकडून ठरावीक अंतराने पाण्याचे नमुने घ्यायची पद्धत बसवली. त्यावर आधारित २०१४ च्या शोधनिबंधात ‘समुद्रातली नदी’ दिसली: पावसाळ्यानंतर पूर्व किनाऱ्याला चिकटून दक्षिणेकडे जाणारा सुमारे १०० किलोमीटर रुंदीचा पट्टा, उत्तरेकडे क्षारता दहाहून जास्त एककांनी उतरवणारा. मॉडेल दुरुस्त झालं की नाही हे पारादीप, विशाखापट्टणम आणि चेन्नई इथे किनाऱ्यापासून २०० किलोमीटरपर्यंतच्या छेदावर, सप्टेंबर ते डिसेंबर, बघा. उतार किती, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे तो किती उशिराने पोचतो, हे दोन आकडे पुरतात.

एक अंशाच्या ग्रिडवर हा पट्टा एका सेलचा असतो. तिथे तो नीट दिसावा म्हणून मिश्रणाचे गुणांक पिळत बसू नका. तेवढ्यासाठी पाव अंश किंवा त्याहून बारीक ग्रिडच हवं. मात्र पट्ट्यातून एकूण किती गोडं पाणी दक्षिणेला जातं ते एक अंशावरही बरोबर यायला हवं. कारण तेच पाणी पुढे श्रीलंकेला वळसा घालून हिवाळ्यात लक्षद्वीप समुद्रात शिरतं आणि पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला सरकतं. जानेवारीत कर्नाटक-गोव्यासमोर तुमचं मॉडेल फार खारट दाखवत असेल, तर मांडवी-जुवारीच्या फाइलीत शोधण्याआधी मेघनेच्या सेलपासून पुन्हा बेरीज करा.